आजचा सूर्या की उद्याचा म्हात्रे? एका ट्रेडचा हिशेब

वर्ध्याहून बोलतोय. बसमध्ये इअरफोन घरी विसरलात म्हणून ज्यांना हा भाग ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना जिथं अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

गोष्ट सुरू होते एका मेसेजपासून. डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा, रात्रीचे साडेअकरा. मोबाइल वाजला. आर्वीचा मेसेज: "सूर्या देतो. म्हात्रे दे. आणि सत्तावीसची पहिली उचल दे. बोल."

झोप उडाली ना राव.

आता हे आर्वी कोण, सूर्या कसा देता येतो आणि उचल म्हणजे काय, ते आधी सांगतो. मग आपण इतिहासात जाऊ. कारण या एका मेसेजला उत्तर द्यायला मला चार रात्री लागल्या, आणि त्या चार रात्रींत मी आयपीएलमधल्या जुन्या अदलाबदली खणून काढल्या.

आठ तालुके, आठ संघ

आमची एक लीग आहे. २०२२ पासून चालू. आठ मित्र, आठ संघ. वर्धा जिल्ह्यात तालुके बरोबर आठ, म्हणून प्रत्येकानं एकेक तालुका घेतला: वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर. मी देवळी. गंमत अशी की त्या तालुक्याचा असायलाच पाहिजे असं काही नाही. हिंगणघाटवाला खरं तर पुलगावचा आहे. पण आता आम्ही एकमेकांना नावानं हाकच मारत नाही. "अबे समुद्रपूर, चहा सांग."

आयपीएलमधले खरे खेळाडू आम्ही वाटून घेतो. मॅचमध्ये त्यानं धावा केल्या, विकेट घेतल्या, झेल घेतले की आम्हाला गुण. इथवर कुठल्याही फँटसी ॲपसारखंच. फरक दोन. एक, पैसे नाहीत. शेवटून पहिला येईल त्यानं सगळ्यांना तर्री-पोहे आणि वर गोरसपाक. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हा माझ्या फोनमधले कितीतरी ग्रुप एका रात्रीत गप्प झाले. आमच्या वहीला त्याचा पत्तासुद्धा नव्हता.

दुसरा फरक मोठा आहे. ॲपवर संघ रोज नवा. आमच्याकडे संघ एकदा घेतला की तुमचा. पंधरातले बारा खेळाडू पुढच्या वर्षी ठेवायचेच. म्हणजे तुम्ही एखादा अठरा वर्षांचा पोरगा घेतला तर तो तीस वर्षांचा होईपर्यंत तुमच्याकडे राहू शकतो. आणि दरवर्षी उरलेल्या तीन जागांसाठी नवे खेळाडू उचलायचे. शेवटून पहिला आलेला सगळ्यात आधी उचलतो. त्यालाच आम्ही "पहिली उचल" म्हणतो. आपल्याकडे सालदाराला वर्षाचे पैसे आधी दिले तर त्याला उचल म्हणतात, तोच शब्द कुणीतरी वापरला आणि तो चिकटला. शब्द बरोबर बसतो पण. कारण पुढच्या वर्षीची उचल आज विकली, म्हणजे पुढच्या वर्षी रिकाम्या हातानं उभं राहायचं.

आणखी एक नियम आहे. उचल फोनवर होत नाही. मार्चमध्ये एक रविवार ठरतो आणि वर्ध्यात येऊन बसावं लागतं. आला नाही तर उचल गेली. हा नियम लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

अमेरिकेतला एक व्यवहार

आम्ही काही शोध लावलेला नाही. अशा लीगला अमेरिकेत "डायनॅस्टी" म्हणतात, म्हणजे घराणं. तिथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळतात तो. त्याची फँटसी लीग १९६२ मध्ये सुरू झाली. ओकलंड रेडर्स संघाचा एक भागीदार बिल विंकेनबाख आणि त्याच्या सोबतचे काही जण न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसले होते, तिथं नियम ठरले. तेव्हा इंटरनेट कुठलं? कागद, पेन्सिल आणि दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र. आमच्या वहीचे पूर्वजच ते.

आणि डायनॅस्टी खेळणारा प्रत्येक जण ज्या खऱ्या ट्रेडची गोष्ट सांगतो, ती आहे १२ ऑक्टोबर १९८९ ची. डॅलस काउबॉइज हा संघ रसातळाला गेला होता. त्या वर्षी त्यांनी १६ पैकी एकच सामना जिंकला. त्यांच्याकडे एकच मोठा खेळाडू होता, हर्शल वॉकर. नवे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी तोच विकला. मिनेसोटा व्हायकिंग्जला वाटत होतं की आपल्याला फक्त हा एक माणूस कमी आहे, तो आला की आपण विजेते. त्यांनी वॉकरसाठी खेळाडू दिले आणि येणाऱ्या वर्षांतल्या उचलींची थप्पीच दिली. सगळे मिळून १८ खेळाडू आणि उचली त्या व्यवहारात इकडून तिकडे गेल्या.

झालं काय? व्हायकिंग्जला अजिंक्यपद मिळालं नाही. डॅलसनं त्या उचलींतून नवा संघ उभा केला. एमिट स्मिथसारखा खेळाडू त्यांना त्यातूनच मिळवता आला. आणि १९९२, १९९३ आणि १९९५ या तीन हंगामांची अजिंक्यपदं त्यांनी नेली.

ही गोष्ट ऐकली की वाटतं, उत्तर सोपं आहे. म्हातारा द्या, पोरगा घ्या. आज विका, उद्या विकत घ्या. मलाही पहिल्या रात्री असंच वाटलं. आर्वीला नाही म्हणायचं आणि झोपायचं.

पण मग मी आपल्या घरच्या वह्या उघडल्या.

शिखर धवन, वय २३

आयपीएलचा पहिला लिलाव झाला २० फेब्रुवारी २००८ ला, मुंबईत. तेव्हाही संघ आठच. पुढच्याच वर्षी, २००९ च्या हंगामाआधी, दोन अदलाबदली गाजल्या. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान बंगळुरूहून मुंबईला आला आणि रॉबिन उथप्पा मुंबईहून बंगळुरूला गेला. आणि दुसरी: आशिष नेहरा मुंबईहून दिल्लीला, शिखर धवन दिल्लीहून मुंबईला.

या दुसरीकडे नीट बघा. नेहरा तेव्हा २९ वर्षांचा, दुखापतींनी बेजार, भारतीय संघाबाहेर. धवन २३ वर्षांचा, डावखुरा, पुढं सगळं आयुष्य पडलेलं. डायनॅस्टीच्या हिशेबानं मुंबईनं दिल्लीला लुटलं म्हणायला पाहिजे.

प्रत्यक्षात नेहरानं त्या हंगामात दिल्लीसाठी १९ विकेट काढल्या. दिल्ली गुणतक्त्यात पहिली आली. नेहरा परत भारताकडून खेळायला लागला. आणि मुंबईला मिळालेला तरुण हिरा? २०११ च्या मोठ्या लिलावात तो डेक्कन चार्जर्सकडे गेला. मार्च २०१३ मध्ये मोहालीत त्यानं कसोटी पदार्पणात १८७ धावा कुटल्या, तेव्हा तो मुंबईच्या वहीत कुठंच नव्हता.

म्हणजे काय, तरुण खेळाडू घेणं हा अर्धाच व्यवहार असतो. उरलेला अर्धा म्हणजे तो पिकेपर्यंत त्याला हातात ठेवता येणं. आंबा कच्चा घेतला तर घरात आढी घालायला जागा पाहिजे. नाहीतर पिकतो तो दुसऱ्याच्या घरी.

शिखर धवन, वय ३२

आता नऊ वर्षं पुढं चला. नोव्हेंबर २०१८. धवन पुन्हा ट्रेड झाला, आणि परत दिल्लीचाच संबंध. फक्त या वेळी तो म्हातारा होता. म्हणजे क्रिकेटच्या मानानं, बत्तिशी संपत आलेली. सनरायझर्स हैदराबादनं धवन दिल्लीला दिला आणि बदल्यात तीन जण घेतले: विजय शंकर, शाहबाज नदीम आणि अभिषेक शर्मा.

तेव्हा या तिघांत मोठं नाव विजय शंकरचं. तो पुढच्या वर्षी विश्वचषकाला गेला. अभिषेक शर्मा १८ वर्षांचा. व्यवहार पुरा करायला वरून दिलेले सुट्टे पैसे म्हणा ना.

दिल्लीला काय मिळालं? धवननं २०१९ मध्ये ५२१ धावा केल्या, २०२० मध्ये ६१८, त्यात लागोपाठ दोन शतकं, आणि २०२१ मध्ये ५८७. आदल्या वर्षी तळाला असलेली दिल्ली तिन्ही वर्षं प्लेऑफमध्ये गेली. २०२० मध्ये तर पहिल्यांदा अंतिम सामना खेळली. चषक मात्र आला नाही.

हैदराबादला काय मिळालं? पहिली तीन वर्षं, सांगण्यासारखं फारसं नाही. अभिषेक कधी आत, कधी बाहेर. मग २०२२ चा मोठा लिलाव आला आणि हैदराबादनं त्याला ठेवलंसुद्धा नाही. लिलावात उतरला तेव्हा साडेसहा कोटी मोजून परत घेतला. आपलाच बैल बाजारात सोडायचा आणि बोली लावून परत आणायचा, असा प्रकार. आणि मग २०२४ मध्ये त्याच्या ४८४ धावा, दर शंभर चेंडूंमागं दोनशेच्या वर. १२ एप्रिल २०२५ ला पंजाबविरुद्ध ५५ चेंडूंत १४१, तोवरची आयपीएलमध्ये भारतीय फलंदाजाची सगळ्यात मोठी खेळी. जुलैअखेर तो जगात एक नंबरचा टी-ट्वेंटी फलंदाज.

आता सांगा, हा ट्रेड कोण जिंकलं?

२०२० मध्ये विचारलं असतं तर सगळे म्हणाले असते दिल्ली. २०२५ मध्ये विचाराल तर सगळे म्हणतील हैदराबाद. मला दुसऱ्या रात्री जे कळलं ते हे: ट्रेडला एक निकाल नसतो. तुम्ही कोणत्या वर्षी बघता, तसा निकाल बदलतो. म्हणून खेळाडूचं वय मोजायच्या आधी आपण कोणत्या वर्षात जगतोय ते मोजायला पाहिजे. दिल्लीला उभं राहायला आजच कुणीतरी पाहिजे होतं. त्यांचं गणित चुकलं नव्हतं.

पाच षटकारांचं काय करायचं?

एक अजून सांगतो, कारण यात आपला माणूस आहे. अजिंक्य रहाणे, मूळचा संगमनेर तालुक्यातला, वाढला डोंबिवलीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थाननं त्याला दिल्लीला दिलं आणि मयंक मार्कंडे नि राहुल तेवतिया घेतले.

२७ सप्टेंबर २०२०, शारजा. राजस्थानसमोर २२४ धावांचं आव्हान. तेवतियाला वर पाठवलं आणि त्यानं पहिल्या १९ चेंडूंत केल्या ८ धावा. मला आठवतं, आमच्या ग्रुपवर शिव्यांचा पाऊस. आणि मग शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात पाच षटकार. सामना फिरला. त्या रात्री सगळे म्हणाले, रहाणे देऊन हा घेतला, वा रे राजस्थान!

पण हंगाम संपला तेव्हा राजस्थान तळाला होतं. आणि रहाणे? हंगामभर ९ सामन्यांत ११३ धावा, म्हणजे अगदीच साधारण. पण त्यातल्या ६० त्यानं बंगळुरूविरुद्धच्या शेवटच्या साखळी सामन्यात केल्या, आणि त्या विजयानं दिल्ली दुसऱ्या क्रमांकावर गेली. पुढं २०२३ मध्ये चेन्नईनं त्याला मूळ किमतीत, ५० लाखांत घेतलं, तर गड्यानं ३२६ धावा कुटल्या आणि चषकही उचलला. ज्याला सगळ्यांनी संपला म्हटलं तो संपला नव्हता.

यावरून आपल्या विदर्भाची गोष्ट आठवते. वासिम जाफर मुंबई सोडून आपल्याकडे आला तेव्हा लोक म्हणाले, मुंबईनं वापरलेला माल. २०१७-१८ च्या हंगामात तो चाळिशीला टेकला होता. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार फैज फजल, चेंडू रजनीश गुरबाणीच्या हातात, आणि इंदूरला दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात विजयी फटका मारला जाफरनं. विदर्भाची पहिली रणजी. पुढच्या हंगामात त्यानं हजारावर धावा केल्या आणि दुसरी रणजीही आली. म्हातारा माणूस धावा तर करतोच, शेजारी उभ्या पोरांना जिंकायचं कसं ते पण दाखवतो. आमच्या वहीत त्याला रकाना नाही, पण म्हणून ते खोटं होत नाही.

सूर्या आणि म्हात्रे

चला, तिसरी रात्र. आता माझ्यासमोरचा तराजू.

एका पारड्यात सूर्यकुमार यादव. २०२५ च्या आयपीएलमध्ये ७१७ धावा. १६ डाव, आणि सोळाही डावांत २५ किंवा त्याहून जास्त. आमच्या गुणपद्धतीत असा खेळाडू म्हणजे महिन्याचा पगार, कधी चुकत नाही. पण वय तेव्हा ३५. आणि २०२५ मध्ये भारताकडून टी-ट्वेंटीत एकही अर्धशतक नाही.

दुसऱ्या पारड्यात आयुष म्हात्रे. विरारचा. वय तेव्हा १८. ऋतुराज गायकवाड जखमी झाला तेव्हा चेन्नईनं त्याला ३० लाखांत आणला. ऋतुराज माझ्याच संघात होता, म्हणून मीही बदली म्हणून यालाच घेतला, कुणी विचारतसुद्धा नव्हतं. ७ सामन्यांत २४० धावा. बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४. आणि २८ नोव्हेंबर २०२५ ला मुश्ताक अली स्पर्धेत त्यानं शतक ठोकलं. कोणाविरुद्ध? आपल्याच विदर्भाविरुद्ध! मी घरात एकटाच बसून टाळ्या वाजवल्या आणि मग लाज वाटली.

आणि सूर्याचाच इतिहास बघा. २०१४ ते २०१७ तो कोलकात्याकडे होता. खाली येऊन थोडे चेंडू खेळायचा. २०१८ च्या लिलावात मुंबईनं ३ कोटी २० लाखांत नेला आणि त्या पहिल्याच हंगामात त्यानं पाचशेवर धावा केल्या. भारताकडून खेळला तेव्हा तिशी ओलांडली होती. कोलकात्यानं जो दिला तो आजचा सूर्या नव्हता, उद्याचा होता. आता मी म्हात्रे दिला तर मी कोलकाता होणार का?

त्यात ती नोव्हेंबर २०२५ ची बातमी. चेन्नईनं रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला दिले आणि संजू सॅमसन घेतला. तोच जडेजा, ज्यानं २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून चषक दिला. आणि तोच जडेजा, ज्याला २०१० मध्ये राजस्थानशी करार असताना दुसऱ्या संघाशी बोलणी केली म्हणून एक वर्ष आयपीएलबाहेर बसवलं होतं. पंधरा वर्षांनी फिरून तिथंच. आज आयपीएलमध्ये ट्रेड करायचा तर खेळाडूची संमती लागते. आमच्या वहीतल्या सूर्याला आणि म्हात्रेला कोण विचारतो? पण वहीत एक माणूस खरा असतो. समोरचा.

आणि इथं मला आबाजी आठवले.

दात बघून व्यवहार

माझे आजोबा, आम्ही आबाजी म्हणायचो, त्यांच्याकडे गवळाऊ बैलांची जोडी होती. आपल्या वर्ध्याकडची जात, अंगानं हलकी, चालीला वेगवान. बैलाची अदलाबदल करायची तर पहिले तोंड उघडून दात बघायचे. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळला. दोन दाती गोऱ्हा दिसायला सुंदर, पण यंदाच्या वखरणीला कामाचा नाही. जुळलेला बैल आजच जू घेतो, पण त्याची वर्षं मोजलेली.

आबाजी बाजारात दोन गोष्टी करायचे. एक, समोरच्याला विचारायचे, "तुह्याकडे यंदा काम किती?" आणि दुसरी, आपल्या बैलाची खोड आपण होऊन सांगायचे. लहानपणी मला वाटायचं, हे काय, स्वतःचाच भाव पाडतात. एकदा विचारलं तर म्हणाले, "बाबू, बैल जाते. माणूस पुढच्या बाजाराले अजून भेटते."

डॅलस आणि मिनेसोटाला दुसऱ्या दिवशी एका टपरीवर चहा प्यायचा नव्हता. लुटलं काय आणि लुटले गेलो काय, ते धंदा होते. आम्हाला प्यायचा आहे.

म्हणून मी चौथ्या रात्री आर्वीला फोन केला.

पुढचा बाजार

आर्वी दोन वर्षांपासून पुण्यात आहे, एमपीएससीची तयारी करतोय. गेल्या वेळी थोडक्यात गेलं. लीगमध्ये शेवटून पहिला आला तर गोरसपाक त्यानं भावाच्या हातानं पाठवला, स्वतः आला नाही. ग्रुपवर कमी बोलतो. आम्हाला सगळ्यांना वाटत होतं, हा आता सुटला. सेलूही पुण्याला नोकरी बघतोय. समुद्रपूर भरतीत लागला, त्याला सुट्टीच मिळत नाही. खरं सांगू? मला सूर्या का पाहिजे होता ते मला चौथ्या रात्री कळलं. मी दोनदा दुसरा आलोय. आणि मला आतून वाटत होतं की २०२६ हा आमच्या लीगचा शेवटचा हंगाम आहे. जिंकायचं तर आत्ताच. उद्या आहेच कुणाकडे?

मी त्याला आबाजींचा प्रश्न विचारला. "यंदा तुला काम किती?"

तो म्हणाला, "अबे, यंदा मले टाइमच नाही. मे महिन्यात पेपर. मी सूर्या घेऊन काय करू? मॅच पाहणं होत नाही. पोट्टा दे, दोन वर्षात मोठा होते, मी बी मोकळा होतो."

मी माझ्याकडची खोड सांगितली. म्हटलं, "म्हात्रेचे सातच सामने झाले आहेत आयपीएलचे. गोलंदाज त्याला ओळखायला लागतील." त्यानंही सांगितलं, "सूर्याचं भारताकडून यंदा पाहिलं न तू?" पाहिलं होतं. दोघांनी दात दाखवले.

मग मी म्हटलं, "पण सत्तावीसची पहिली उचल कायला पाहिजे? म्हात्रे पुरे नाही का?"

थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "खेळाडू तर मी पुण्यातून पाहीन फोनवर. उचल असली का मले वर्ध्याले यावाच लागते न बे."

मंडळी, मी इतके दिवस वय मोजत होतो, धावा मोजत होतो, १९८९ पर्यंत जाऊन आलो. आणि हा माणूस सरळ पुढच्या मार्चमधल्या नाही, त्याच्याही पुढच्या मार्चमधल्या एका रविवारची जागा राखून ठेवत होता. जो सोडून जाईल असं आम्हाला वाटत होतं, तो उद्या मागत होता. आणि जो इथंच राहणार, म्हणजे मी, तो आज मागत होता, कारण माझाच उद्यावर भरवसा नव्हता.

डायनॅस्टी लीगमध्ये तुम्ही दिलेली उचल तेव्हाच खरी असते जेव्हा ती लीग तोवर चालते. पुढच्या वर्षाची वस्तू देणं आणि घेणं, दोन्ही म्हणजे आपण पुढच्या वर्षी इथं असू असं कबूल करणं. मी आधी ती उचल वाचवायला बघत होतो. आता मला ती द्यायचीच होती.

१६ डिसेंबर २०२५ ला अबुधाबीत आयपीएलचा मिनी लिलाव होता, आणि त्याच्या आदल्या रात्री आमची ट्रेडची खिडकी बंद होणार होती. आम्ही वाट बघितली नाही. वहीत लिहिलं: देवळीकडून आर्वीला, आयुष म्हात्रे आणि २०२७ ची पहिली उचल. आर्वीकडून देवळीला, सूर्यकुमार यादव. नियमाप्रमाणे बाकी सहा जणांनी हो म्हटलं. हिंगणघाटनं फक्त एवढं लिहिलं, "देवळी बुडाला."

बुडालो असेन. आकड्यांनी बघितलं तर अठरा वर्षांचा पोरगा आणि वर पहिली उचल, पस्तीस वर्षांच्या फलंदाजासाठी, हा महागच सौदा आहे. पाच वर्षांनी म्हात्रे अभिषेक शर्मा झाला तर ग्रुपवर मला कुणी जगू देणार नाही. सूर्यानं चषक दिला तर मी ऐकून घेणार नाही. निकाल कोणत्या वर्षी बघायचा, ते तुम्हीच ठरवा.

पण पाच वर्षांनी ग्रुपवर मला शिव्या द्यायला ते सातही जण असले, तर तो ट्रेड मी हरलो असं मी म्हणणार नाही.

तर हा होता आजचा भाग. तुमच्या ग्रुपमध्ये असा एखादा सौदा झाला असेल, ज्याच्यावरून अजून भांडणं होतात, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. आणि हो, ज्या मित्राचा मेसेज बरेच दिवस आला नाही, त्याला एखादा ट्रेड विचारून बघा. काय मागतो ते ऐका.

भेटूया. वर्ध्याहून, देवळी.